अडीच व्होल्टांचा पाय

माझं काम चिकटवण्याचं. प्रयोगशाळेत नोकरी आहे म्हटलं की लोकांना वाटतं, बाई पांढरा कोट घालून काहीतरी शोध लावत असेल. मी शोधबिध लावत नाही. नखाएवढी एक पट्टी असते, तिच्यात केसापेक्षा बारीक तारेची नागमोडी जाळी असते, तिला गेज म्हणतात. ती पट्टी मी तुळईवर, यंत्राच्या दांड्यावर आणि गेली दीड वर्षं एका कृत्रिम पायावर चिकटवते. वस्तू दबली किंवा वाकली की पट्टी तिच्याबरोबर ताणली जाते आणि तारेचा रोध किंचित बदलतो. किंचित म्हणजे चूक केल्यावर आमच्या साहेबांचा चेहरा बदलतो, साधारण तितका.

असे चार गेज चौकोनात जोडले की झाला ब्रिज. त्याला एका बाजूने व्होल्टेज द्यायचं, दुसऱ्या बाजूने इवलासा सिग्नल घ्यायचा. कॉम्प्युटर त्या सिग्नलला दिलेल्या व्होल्टेजने भागतो आणि पडद्यावर ताणाचा आकडा दाखवतो. एवढीच गोष्ट आहे. आमच्याकडे मात्र ती समजून घ्यायला दोन समित्या नेमाव्या लागल्या, आणि दोन्ही समित्यांनी मुदतवाढ मागितली.

तर पाय. काळ्या फायबरचा, प्लास्टिकच्या टाचेचा, हातात घेतला तर पुस्तकापेक्षा हलका. गुडघ्याखालचा पाय गेलेल्या माणसांना परवडावा म्हणून आमच्याच संस्थेत बनवलेला. यंत्रात धरून त्याच्या टाचेवर ऐंशी किलोंचा भार द्यायचा, काढायचा, परत द्यायचा. टाचेच्या वळणावरचा आकडा तीन हजारांच्या आत राहिला तर पाय पास. वर गेला तर टाचेला आज ना उद्या चीर जाणार, आणि ती चीर कुणी चालत असतानाच जाणार, कारण पाय चालण्यासाठीच असतो.

घोडं अडलं होतं ते आकड्यापाशी. ब्रिजला दहा व्होल्ट दिले की गेज तापतो. लोखंडावर चिकटवलेला असेल तर लोखंड ती ऊब ओढून घेतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. प्लास्टिक मात्र ऊब धरून बसतं. खालचं प्लास्टिक फुगतं, गेज ताणला जातो, आणि पायाला कुणी बोटही लावलेलं नसताना पडद्यावरचा आकडा चढत राहतो. सकाळी शून्य, चहाच्या वेळी दोनशे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहाशे. पाय टेबलावर आडवा पडलेला, आणि पडद्याकडे बघावं तर धावतोय. अशा आकड्यावर पास काय आणि नापास काय, काहीच लिहिता येत नव्हतं.

मोजमाप विभागाचे आमचे साहेब यावर एकच बोलत. "बाई, तुम्ही नीट चिकटवत नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच असतं तरी मी सोडून दिलं असतं. इथे नाचणारे साहेब, आणि अंगण सारवून द्यायचं मी. नऊ वेळा गेज खरवडून काढला आणि नऊ वेळा नवा चिकटवला. बावीस वर्षं मी हे काम करतेय. माझ्या हातचा गेज वस्तू तुटली तरी सुटत नाही, पण हे प्रशस्तिपत्र मला मीच दिलेलं असल्यामुळे ते फाइलला लागत नाही.

"साहेब, व्होल्टेज कमी करा," मी म्हटलं. "दहाचं अडीच करा. उष्णता सोळाव्या हिश्शावर येईल."

"इथे पहिल्या दिवसापासून दहा व्होल्ट आहेत."

"पहिल्या दिवसापासून लोखंडही होतं, साहेब. हे प्लास्टिक आहे."

"उद्या बाहेरची माणसं आली आणि विचारलं, तुम्ही किती व्होल्ट देता, तर अडीच सांगायचं? लोक हसतील आपल्याला."

खरा आक्षेप वेगळाच होता. व्होल्टेज चौथाई केलं की सिग्नलही चौथाई होतो, आणि मग शेजारच्या मोटारींची खरखर त्यात शिरते. हा आक्षेप त्यांनी घेतला असता तर मी आदराने उत्तर दिलं असतं, की चांगली केबल द्या आणि आमचं रीडिंग चालू असताना मोटारी बंद ठेवा. पण तो घ्यायला आधी विषय कळावा लागतो. साहेबांची अडचण अब्रूची होती, आणि अब्रू म्हणे दहा व्होल्टांखाली टिकत नाही.

आता माझा यात जीव का अडकला होता ते सांगते. माझा नवरा शिंपी आहे. समोर मी त्याला अहो म्हणते. इथे नवरा म्हणते, कागदाला कान नसतात. अडीच वर्षांपूर्वी तळपायाला साधी जखम झाली, अंगात साखर होतीच, आणि बघता बघता गुडघ्याखालचा डावा पाय काढावा लागला. मिळाला तो पाय ओंडक्यासारखा जड. अर्धा तास घातला की वळ उठतात आणि वळाची जखम होण्याच्या भीतीने काढून ठेवावा लागतो. कापड बेतायचं तर उभं राहावं लागतं, टेबलाभोवती फिरावं लागतं. बसून काय होतं? बटणं, काजं आणि उंची कमी करणं. ज्याने बेतलेल्या कोटाला दुसऱ्यांदा हात लावावा लागला नाही, तो माणूस आता लोकांच्या पँटी आखूड करत बसला होता.

नव्या पायाच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. वशिला नव्हता, पहिल्या नमुन्याचं माप त्याच्या मापाला जुळलं, एवढंच. ते कळल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने सुताराला बोलावून बेतायचं टेबल उभ्याने काम करायच्या उंचीचं करून घेतलं. तेव्हापासून ते टेबल खोलीच्या मधोमध उभं होतं आणि आम्ही दोघं त्याला वळसा घालून जात होतो.

तेवढ्यात साहेब तीन दिवसांच्या परिसंवादाला जाऊन आले. येताना एक बॅग, एक फाइल आणि माझी कल्पना घेऊन आले. सोमवारच्या बैठकीत खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "मला एक विचार सुचलाय. आपण व्होल्टेज कमी केलं तर?"

वारूळ मुंग्यांनी बांधायचं आणि नागोबाने येऊन राहायचं, हे मला नवीन नाही. आणि खरं सांगते, व्होल्टेज कमी होतंय म्हटल्यावर ते कुणाच्या नावावर होतंय याची मला त्या दिवशी पर्वा नव्हती. साहेबांनी स्वतःच्या हाताने, ब्रिजला व्होल्टेज देणाऱ्या पेटीमागचं बटण दहावरून अडीचवर नेलं. फोटो काढला. बटण बोटाने फिरवायचं असतं, पण फोटोत साहेबांच्या हातात पाना आहे. 'मापन-सुधारणा' असं परिपत्रक निघालं आणि हात धुवायच्या बेसिनवरसुद्धा चिकटवलं गेलं. ते काम मात्र मला दिलं नाही.

आणि आकडा थांबला. रेघ अशी सरळ आली की मला रडू यायचं बाकी राहिलं. सकाळी शून्य, दुपारी शून्य. ऐंशी किलोंचा भार टाकला की साडेआठशे, काढला की परत शून्य. तीन हजारांची मर्यादा आणि पाय साडेआठशेत उभा!

देव पावला म्हणत मी घरी पळाले. "अहो, साडेआठशे!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तीन हजारांच्या कितीतरी आत. पाय पास झाला."

तो मोठ्याने हसला. किती महिन्यांनी हसला ते मी मोजलेलं नाही, पण हसताना त्याचा तोंडातला दोरा खाली पडला आणि तो उचलायचंही त्याला सुचलं नाही.

इथे माझी चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. आमच्या पेटीला तपासणीचं एक बटण असतं. ते दाबलं की पेटी आतून एक ठरलेला रोध जोडते आणि पडद्यावर हजाराचा आकडा यायलाच हवा, समोर पाय असो की पलंग. बावीस वर्षं मी ते बटण रोज सकाळी दाबत आले. त्या आठवड्यात दोन दिवस दाबलं नाही. माझंच म्हणणं खरं ठरलं होतं ना! आपलं म्हणणं खरं ठरलं की माणसाला तपासणी नको असते, आणि मी साहेबांपेक्षा फार वेगळ्या मातीची नाही हे मला त्या आठवड्यात कळलं.

तिसऱ्या दिवशी दाबलं. पडद्यावर अडीचशे.

कॉम्प्युटरवर सेटिंगचं पान उघडलं. 'दिलेलं व्होल्टेज' या रकान्यात अजून दहा होते. बटण अडीचवर, रकाना दहावर. सिग्नल चौथाई येत होता, आणि कॉम्प्युटर बिचारा दहा मिळाले असं समजून दहानेच भागत होता. साडेआठशे गुणिले चार. चौतीसशे. पाय नापास होता, आणि मी घरी जाऊन नाचून आले होते.

रकाना बदलायला साहेबांचा पासवर्ड लागतो. मी त्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, व्होल्टेजच्या रकान्यात दहाच राहिलेत. तिथे अडीच टाकायला हवेत."

"टाकले तर काय होईल?"

"आकडा चारपट होईल. चौतीसशे."

"मग कशाला टाकायचे?"

पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी घडा जागेवर असावा लागतो. मी परत पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि मग मला समजावलं, जसं लहान मुलाला समजावतात.

"बाई, तुम्हीच म्हणत होतात ना, दहा व्होल्टांचा पायाला त्रास होतो? आपण कमी केले. त्रास कमी झाला. ताण कमी झाला. आता ताण कमी झाला हीसुद्धा तुमची तक्रार?"

म्हणजे त्यांच्या मते टाच वजनाने वाकत नव्हती, विजेने वाकत होती. त्यांनी तसा अहवालही वर पाठवला होता: 'मापन-सुधारणेमुळे टाचेवरील ताणात पंचाहत्तर टक्के घट.' खाली सही, सहीखाली पद, पदाखाली शिक्का. आणि येत्या शुक्रवारी मोठे साहेब, म्हणजे संस्थेचे संचालक, प्रात्यक्षिक बघायला येणार होते. एक पाय यंत्रात दाबून दाखवायचा आणि दुसरा माझ्या नवऱ्याच्या पायाला लावायचा.

त्याच संध्याकाळी चहाच्या वेळी मी नवऱ्याला सांगितलं. तो कात्रीला धार लावत होता.

"पाय नापास आहे. कॉम्प्युटरचं मापच चौपट चुकलं होतं. शुक्रवारी येऊ नका."

तो धार लावतच राहिला. "मोडेल का?"

"टाचेला चीर जाईल."

"कधी?"

"ते कुणी सांगू शकत नाही. पन्नास हजार पावलांनी जाईल, नाहीतर पाच हजारांनी."

"दिवसाला पाचशे पावलं धर. दहा दिवस तरी उभा राहीन की नाही?"

"आणि अकराव्या दिवशी पडाल, दुसरा पाय मोडून घ्याल."

"अगं, तू दोन दिवसांपूर्वी पास म्हणालीस. आज नापास म्हणतेस. परवा काय म्हणशील? तुझे आकडे तुझ्यापाशी ठेव. मी जाणार आणि उभा राहणार."

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. आम्ही शुक्रवारपर्यंत कामापुरतंच बोललो.

शुक्रवारी लॅब पुसून लख्ख केली होती. यंत्रात काळा पाय, त्याच्यावर ऐंशी किलो, पडद्यावर साडेआठशे. कोपऱ्यातल्या खुर्चीवर माझा नवरा, त्याच्या पायाला पायाचा जुळा भाऊ. पट्टे बांधून झाले आणि तो उठून उभा राहिला. काठी नाही, भिंत नाही. दोन्ही हात मोकळे. त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने शर्टाची कॉलर नीट केली. मी मान फिरवली. रडायची ती जागा नव्हती.

मोठे साहेब पडद्यासमोर आले. जाडजूड, घाईतला माणूस. "अडीच व्होल्टांनी एवढी घट? मग एक व्होल्ट केलं तर?"

"आणखी घट होईल सर," साहेब म्हणाले आणि बटण एकवर नेलं. आकडा तीनशे चाळीस. खरेदी विभागाचे प्रमुख टाळी वाजवायला टपलेलेच असतात. त्यांनी वाजवली.

मग माझा ताबा गेला. "सर, शून्य करून बघू या का?" मी म्हटलं, आणि कुणी हो म्हणायच्या आत व्होल्टेज बंद केलं.

पडद्यावर शून्य. टाचेवर ऐंशी किलो, आणि ताण शून्य. खरेदीवाल्यांनी पुन्हा टाळी वाजवली, पण या वेळी ती एकटीच पडली.

"म्हणजे आता हा पाय मोडणारच नाही?" मोठे साहेब म्हणाले. ते घाईत होते, पण खुळे नव्हते. "हे काय चाललंय?"

आमच्या साहेबांनी तोंड उघडलं. त्यातून 'सुधारणा' एवढा एकच शब्द बाहेर आला. मी बोलणार होते, पण माझ्या आधी मागून आवाज आला.

"सर, मी शिंपी आहे. तुमची कंबर चव्वेचाळीस."

सगळे वळले. माझा नवरा त्या पायावर उभा राहून मोठ्या साहेबांच्या पोटाकडे धंदेवाईक नजरेने बघत होता.

"मी एक टेप बनवतो. तिचा एक-एक इंच चार इंचाएवढा लांब. त्या टेपने तुमची कंबर भरेल अकरा. तुम्हाला अकराची पँट शिवून देऊ का?"

कुणी हसलं नाही, कारण आधी मोठ्या साहेबांनी हसायला हवं होतं. ते हसले नाहीत. आमच्या साहेबांकडे बघून म्हणाले, "हा कॉम्प्युटर किती व्होल्ट धरून भागतोय?"

पासवर्ड टाकताना साहेब दोनदा चुकले. व्होल्टेज परत अडीचवर, रकान्यातही अडीच. पडदा म्हणाला चौतीसशे.

नवरा खुर्चीत बसला आणि वाकून स्वतःच्या हाताने पट्टे सोडायला लागला. मी मदतीला गेले तर त्याने माझा हात बाजूला केला. स्वतःच्या विनोदाने स्वतःचा पाय घालवलेला मी पाहिलेला हा एकच माणूस. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. उभा होता तो अकरा मिनिटं.

पुढे काय व्हायला हवं होतं, ते सरळ आहे. टाच जाड करायची. पाय बनवणाऱ्या विभागाने दोन मिलीमीटर जाड टाचेचा नमुना तयारच ठेवला होता, आमच्या कपाटात पडून होता. पण तो तपासायला घ्यायचा तर एका अर्जावर मोजमाप प्रमुखाची सही लागते, आणि अर्जात पहिलंच वाक्य छापलेलं आहे: 'मूळ रचनेत दोष आढळला.' आपल्याच अहवालात पंचाहत्तर टक्के घट दाखवलेल्या पायात दोष आढळला असं साहेब कसे लिहिणार?

त्यांनी समिती बोलावली आणि तोड काढली. ऐंशी किलोंना आकडा चौतीसशे येतो. सत्तर किलोंना तो तीन हजारांच्या आत येतो. मग पाय सत्तर किलोंपर्यंतच्याच माणसांना द्यावा. हिशेब चूक नव्हता, असे वजनाचे गट सगळीकडे असतात. पण जाड टाच कपाटात असताना? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. व्होल्टेज कमी करून झालं, आता माणूस कमी करायचा. ठराव एकमताने मंजूर झाला. मला मत नाही.

माझ्या नवऱ्याचं वजन अठ्ठ्याहत्तर.

"आठच किलो," तो म्हणाला आणि ताट अर्ध्यावर सारलं.

साखरेच्या माणसाने उपाशी राहू नये हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, माझ्या नणंदेने फोनवर रडून सांगितलं. तो कुणाचं ऐकतो? गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि जेवण चुकवायचं, म्हणजे आगीशीच खेळ. चौथ्या आठवड्यात त्याला मशीनवर घाम फुटला, हात थरथरले, आणि मी तोंडात साखर कोंबली म्हणून तो शुद्धीवर राहिला. शुद्धीवर राहिल्यावर पहिलं काय बोलावं? "साखरेने वजन वाढतं का गं?"

मी चिडले, ताट आपटलं, बोलायचं बंद केलं. अबोल्याने फक्त माझंच वजन घटलं. सातव्या आठवड्यात त्याचे गाल आत गेले होते आणि शर्टाची कॉलर मानेभोवती गोल फिरत होती. शिंप्याच्या अंगात ढगळ शर्ट! त्याने तो आत घेतलासुद्धा नव्हता.

त्या आठवड्यातच वजनाचा दिवस होता. लॅबमधला काटा मोठा, चार कोपऱ्यांत चार टेकू, प्रत्येक टेकूत माझ्या हातचे गेज. नवरा एका पायावर, दांडीला धरून त्यावर चढला. काठी काढून घेतली, चप्पल काढली, खिशातली खडूची कांडीसुद्धा काढून माझ्या हातात दिली.

त्र्याहत्तर.

त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हा आणखी तीन किलो उतरवेल, आणि त्या तीन किलोंबरोबर हाही जाईल.

साहेब माझ्या बाजूला उभे होते. माणूस वाईट नाही हो, तोच तर त्रास आहे. त्यांनाही त्या गालांकडे बघवत नव्हतं. माझ्या कानाशी येऊन ते हळूच म्हणाले, "बाई, काट्यालाही तसाच रकाना आहे ना? व्होल्टेज जरा… अगदी थोडंसंच. रकाना आपण बदलायचा नाही."

दोन महिन्यांत साहेबांना ब्रिज कळला होता. बावीस वर्षांत मी एका माणसाला काहीतरी शिकवलं, ते हे.

आणि मी लगेच नाही म्हणाले नाही. हेही लिहून ठेवते. काट्याच्या पेटीमागचं बटण माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. दहाचं साडेनऊ केलं असतं तरी पुरलं असतं. तो आजच्या आज उभा राहिला असता, घरी जाऊन जेवला असता, टेबलाभोवती फिरला असता. आणि जेवून पुन्हा अठ्ठ्याहत्तरचा झाला असता, त्याच टाचेवर.

"साहेब," मी तितक्याच हळू म्हटलं, "तुम्ही आत्ता जे बोललात ते मी मोठ्या साहेबांना सांगू, की त्यापेक्षा तुम्ही जाड टाचेच्या अर्जावर सही करताय?"

त्यांचा चेहरा बदलला. किंचित नाही, चांगला डोळ्यांना दिसेल एवढा. अर्ज माझ्या एप्रनच्या खिशात सात आठवडे घडी करून पडला होता. त्यांनी तो काट्याच्या दांडीवरच ठेवून सही केली, दोषाच्या वाक्याखाली. पेन माझंच होतं, ते मात्र ते घेऊन गेले.

सोमवारी मी जाड टाचेवर गेज चिकटवणार होते. अडीच व्होल्ट, रकान्यात अडीच, आणि रोज सकाळी तपासणीचं बटण. पास होईल की नाही ते मला तेव्हा माहीत नव्हतं. महिने लागणार होते एवढं माहीत होतं.

नवऱ्याने डोळे उघडले. तो अजून दांडीला धरून एका पायावर उभा होता, हाताच्या शिरा वर आलेल्या.

"काय म्हणाले गं साहेब?"

"म्हणाले, घरी जा आणि पोटभर जेवा."